कुमला पाडायचं नसतं

मुर्तेर, शुक्रवार

प्रिय याकोव,

तू, तुझी बायको आणि तुझा तो डावा गुडघा, तिघांची खुशाली कळव. आई आशीर्वाद सांगते. मी धडधाकट आहे, पण गावात तोंड दाखवायला जागा उरलेली नाही.

एकोणीस वर्षं फुटबॉलमध्ये मधल्या फळीत खेळलो. झाग्रेबात, बेल्जियममध्ये, मग तुर्कस्तानात (तिथे खेळलो कमी, बाकावर बसलो जास्त). पाय शाबूत ठेवून परत आलो ते एवढ्याचसाठी, की आपल्या गावच्या क्लबला वरच्या गटात चढवावं आणि बूट खुंटीला टांगावेत. गेल्या रविवारचा वोदित्सेविरुद्धचा सामना शेवटचा होता. बरोबरी झाली असती तरी आपण चढलो असतो.

पण त्याआधीच्या गुरुवारी वोदित्सेचा तिहोमिर (त्यांचे सगळे गोल हाच मारतो) बायको, तान्ही मुलगी आणि डुकराची अख्खी वाळवलेली मांडी घेऊन दारात हजर. मुलीच्या बाप्तिस्म्याला मी धर्मपिता म्हणून उभं राहावं, त्यांचा कुम व्हावं, म्हणाला. अशा मागणीला आपल्याकडे कुणी कधी नाही म्हटलंय का, तूच सांग. सामन्यानंतर बघू, असं मी पुटपुटलो, तर आईने डोळे वटारले आणि सरळ मांडी कापायला घेतली. पहिला घास पोटात गेला आणि विषय संपला: मी त्याचा कुम, तो माझा कुम, सख्ख्या भावासारखे. याआधी सात जणांचा कुम झालोय, पण त्यातला एकही कधी समोरून चेंडू घेऊन आला नव्हता.

हा आला. शेवटच्या मिनिटाला, शून्य-शून्य असताना, तिहोमिर सुटला आणि मध्ये मी एकटा. त्याला आडवं करायचं, एवढंच काम. ते मी जन्मभर मन लावून केलंय. पाय पुढे टाकला, तोच कुंपणापासून आईचा आवाज आला, "क्रशेवान, कुमला पाडतोस?" पाय आपोआप मागे आला. गोल झाला. वर त्या मेल्याने धावत येऊन माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

तेव्हापासून खाटीक मला नुसती हाडं देतो. कॉफीवाला माझ्याकडे पाठ करून कप पुसत बसतो. पाद्रीबाबांनी बोलावलं, म्हटलं चला, निदान हे तरी पाठ थोपटतील. त्यांनी दार लावलं आणि म्हणाले, "अरे गाढवा, पाडायचं होतंस आणि माझ्याकडे येऊन कबुली द्यायची होतीस. मी इथे कशाला बसलोय?"

मला या कुमपणाचा वीट आलाय, याकोव. यापुढे कुणी मांडी घेऊन आलं की मी आतून कडी लावणार. कळावे, लोभ आहे तसाच असो.

तुझा,
क्रशेवान

ता. क. तुला एप्रिलात मुलगा झाला, हे मला पावाच्या दुकानात रांगेत उभं असताना कळलं. बाप्तिस्मा अजून व्हायचाय, हेही तिथेच कळलं.

आणखी एक ता. क. मांडीबिंडी आणू नकोस. नुसतं विचार.