दुर्गासाठी धावा

२३ मार्च, सोमवार
बहीण दुर्गा पुन्हा गडचिरोलीच्या दवाखान्यात. सिकलसेलचं तेच. अंग दुखते, डोळे पिवळे. रक्त लागेल म्हणे. उन्हाळ्यात रक्त कमीच असते, देणारा माणूस आणा म्हणाले. तिचाच फोन, "दादा, तूच ये न. तुहा-माहा ग्रुप सेम आहे."
सेम आहे. माहीत आहे.
पण एका माणसाच्या एका बाटलीनं काय होते? विचार मोठा पाहिजे. ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात ठेक्यावर होतो तेव्हा साहेब लोकांची मॅरेथॉन पाहिली होती. टी-शर्ट, केळी, सगळं. तसंच धानोऱ्यात, कॉलेजच्या ग्राउंडवर करायचं. आधी धावा, मग रक्त द्या. शंभर पोट्टे, शंभर बाटल्या.
सुईचा प्रश्न नाही. सध्या वेळ नाही.

२५ मार्च, बुधवार
कॉलेजात गेलो. फर्स्ट इयर दोनदा केलं, त्यामुळे ओळख आहे. खेळाचे गुणवंत सर म्हणे, "काऊन रे, परत अ‍ॅडमिशन घेतं का?" प्लान सांगितला. ५ एप्रिल, रविवार, पहाटे साडेपाच. ऊन लागायच्या आत मोकळे.
सर म्हणे, "मोहाची फुलं पडून राह्यली बाप्पा, सारे वेचाले जाते. पहाटे कोण येते?"
सरांना निगेटिव्ह बोलायची सवय आहे. रविवारी सुट्टी असते. मोह सोमवारीही वेचता येतो. तीन वर्षं बाहेर राहिलो म्हणून मला हे दिसते, इथल्यांना नाही.
उद्या दुर्गाकडे नक्की.

२७ मार्च, शुक्रवार
काल गडचिरोलीला निघालो होतो. गाडीत एकजण म्हणाला, आरमोरीत फ्लेक्स मस्त छापतात. म्हटलं पुढेच जाऊ. वाटेत कोंबडबाजार दिसला, झुंजी चालू. पाच मिनिटं उतरलो. लाल कोंबडा लंगडा असून जिंकला. यातून जिद्द शिकलो. आरमोरीत पोचलो तेव्हा दुकान बंद. येताना दवाखान्यात भेटायची वेळ संपलेली.
दुर्गाचा मिस्ड कॉल.

३० मार्च, सोमवार
फ्लेक्स आला. आरिफनं गडचिरोलीहून आणला. आरिफ म्हणजे लहानपणचा दोस्त, लग्नात साउंड लावतो. फ्लेक्स दहा फुटांचा. वर 'दुर्गासाठी धावा', खाली मी, गॉगलमध्ये. दुर्गाचा फोटो बसला नाही.
आरिफच्या हाताला, कोपराच्या आतल्या बाजूनं पट्टी चिकटवलेली. विचारणार होतो, पण माझं नाव बारीक छापलं होतं, त्यात राहून गेलं.
"पोरीले भेटला का?" म्हणे. म्हटलं, आयोजनात आहे. "आयोजन," म्हणे, अन् तंबाखूचा खर्रा थुंकला.

२ एप्रिल, गुरुवार
रक्ताची गाडी पाठवणाऱ्या डॉक्टरांचा फोन. धावल्याबरोबर रक्त घेता येत नाही म्हणे. म्हटलं, मग आधी द्यायचं अन् नंतर धावायचं. फोन कट झाला. रेंजचा प्रॉब्लेम.
मग दुर्गाचा फोन. आवाज खणखणीत. रक्त भेटलं म्हणे, पण महिन्याभरात अजून लागन. कोणाचं भेटलं विचारलं नाही. मोहिमेची हवा झाली आहे, तिचाच परिणाम. सुट्टी होणार, न्यायला येशीन न, म्हणाली. म्हटलं, पाच तारखेनंतर पक्कं.

४ एप्रिल, शनिवार
व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांनी अंगठा दाखवला. छातीवर लावायचे नंबर तयार. माझा नंबर एक.
आई म्हणे, "मोहाखालचा पाला जाळून ठेवला. उद्या चाल वेचाले, मी एकटी आहो." म्हटलं, आई, आयोजक कसा येईल?
आज धानोऱ्यातच, आरिफच्या दुकानात झोपतो. तो गाडी घेऊन कुठे गेला, माहीत नाही.

५ एप्रिल, रविवार, स. ५.३०
ग्राउंडवर मी.

स. ५.५०
गुणवंत सर आले, शिट्टी घेऊन. एकदा वाजवली. एक कुत्रं उठलं. मग सर म्हणे, "येतो बे, बायको झाडाखाली वाट पाहून राह्यली."

स. ६.३०
रक्ताची गाडी आली. सिस्टरनं विचारलं, "भाऊ, किती जण?" म्हटलं, येऊन राह्यले. "तोवर तुमचं घेऊ का?" म्हटलं, बॅनर पाहून येतो.
काल गेटवर बांधलेला बॅनर जागेवर नव्हता. शोधायला निघालो. थोडा चाललो, मग धावलो. गाव येईपर्यंत धावलो. मागे कोणी नव्हतं.

स. ११.३०
बॅनर आमच्या मोहाखाली अंथरलेला होता. आई म्हणे, "आरिफनं पहाटे आणून देला. लय चांगला आहे, फुलाले माती लागत नाई." आरिफ वाकून वेचत होता. बुंध्याला टेकून दुर्गा, अंगावर शाल. काल संध्याकाळीच आरिफनं दवाखान्यातून गाडीवर आणली तिला.
"तिथं कोणी नाई येणार, हे तुले कोणी सांगतलं नाई का?" आरिफ म्हणे. मी म्हटलं, सांगितलं होतं.
दुर्गाला विचारलं, रक्त कोणी दिलं. तिनं आरिफकडे बोट दाखवलं. "तुले माहीत नव्हतं?" म्हणे.
मग माझ्या छातीवरचा नंबर पाहिला. "धावला का दादा?"
"हो."
"पहिला आला असशीन."
मी नंबर काढून खिशात घातला.
"मंग पाय काढ बॅनरवरून. फुलं चेंगरून राह्यली."
पाय काढला. बॅनरवर माझ्या गॉगलवर फुलं पडली होती. दुर्गा ती एक-एक वेचून टोपलीत टाकत होती.
रक्ताची गाडी बारापर्यंत थांबणार आहे. अजून वेळ आहे. आधी ही टोपली भरून घेतो.