पिवळ्यावर पांढरा

३ मार्च, सोमवार

पाववाल्याची व्हॅन आज दुसऱ्या गाडीला बांधून ओढत आणली. पुढची दोन्ही चाकं फेंगडी! एक रस्त्याकडे बघतंय, दुसरं फुटपाथकडे. वळणावर स्टेअरिंग फिरवलं तर गाडी वळलीच नाही म्हणे — सरळ दिव्याच्या खांबावर. माणूस वाचला. नाकावर पट्टी, कपाळावर टेंगूळ, तरी दात काढत होता. ‘ताई, पाव सगळे चपटे झाले, मी तेवढा गोल राहिलो!’

सगळे हसले. मलाही हसावं लागलं.

दादाने व्हॅन रॅम्पवर चढवली. डाव्या चाकाला स्टेअरिंगशी जोडणारा रॉड — त्यावरचा नट सैल. बोटाने फिरत होता! अलाइनमेंट करताना हा नट सोडायचा, रॉड फिरवून चाकाचं तोंड सरळ करायचं आणि मग नट कचकून आवळायचा. तो आवळायचा राहिला की रॉड रोज थोडा थोडा फिरतो आणि चाक आपलं तोंड वळवत जातं. या व्हॅनची अलाइनमेंट मागच्या आठवड्यात इथेच झाली. माझ्या हातची.

त्या सैल नटावर दोन ठिपके होते. पिवळा माझा — म्हणजे आवळला. त्यावर पांढरा बाबांचा — म्हणजे तपासला. आमच्या वर्कशॉपची ही पद्धत बाबांनीच घातलेली. पांढरा ठिपका असल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नाही.

बाबा चष्मा वर सरकवून वाकले. बराच वेळ बघत राहिले. मग मला हळूच विचारलं, ‘ही मी तपासली होती का गं, चिमे?’

मी म्हटलं, ‘हो, बाबा.’

४ मार्च, मंगळवार

नव्हती तपासली.

कुठेतरी खरं लिहायला हवं. त्या दिवशी बाबा चष्म्याची तुटलेली काडी बसवून घ्यायला गेले होते. पाववाला घाईत — ‘ताई, पाव गार होतायत, ताई, पाव गार होतायत!’ बाबा परत येणार, मग एकेका नटाला पाना लावून बघणार, चाक दोन्ही हातांनी हलवून बघणार, मग मोकळ्या रस्त्यावर स्टेअरिंग सोडून गाडी सरळ जाते का बघणार, परत येऊन पुन्हा एकदा नट! तोवर माझा पिवळा ठिपका वाळून खडखडीत झालेला असतो. आणि मला नेहमी वाटायचं, काय हा घोळ, मी काय दूधखुळी आहे?

म्हणून दोन्ही नटांवर दोन्ही ठिपके मीच दिले. तेही आवळायच्या आधी, हात रिकामा होता म्हणून. मग उजवा आवळला. मग फोन वाजला. फोन ठेवल्यावर डावीकडे वाकून बघितलं तर ठिपका दिसला — पिवळ्यावर पांढरा. झालंय म्हणायचं आणि गाडी सोडली.

माझ्याच खोट्या ठिपक्यावर माझाच विश्वास बसला! याला काय म्हणावं!

पहिल्यांदाच केलं असंही नाही. बाबांची पांढऱ्या रंगाची डबी फळीवर उघडीच पडलेली असते.

नवा रॉड बसवताना जुना नट मी उचलला. ओल्या पिवळ्यावर ओला पांढरा पडल्यामुळे दोन्ही रंग एकमेकांत मिसळून दुधाळ झालेत. कुणाच्या लक्षात आलं नाही. नट माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

६ मार्च, गुरुवार

दादाने विषय काढला. काउंटरच्या मागे, दार ओढून घेऊन. ‘बाबा, तुमचं आता वय झालं. आज खांब होता, उद्या माणूस असेल.’

बाबा म्हणाले, ‘खरंय तुझं.’

एवढंच! ज्या माणसाने आयुष्यभर कुणाचं ऐकलं नाही, तो म्हणतो खरंय तुझं. मी दादावर अशी काही उसळले — बापाशी बोलायची ही रीत का, लाज नाही वाटत का — की दादा मागेच सरकला. लाज कुणाची काढत होते मी? करून सवरून नामानिराळी, वर तोंड करून बोलतेय!

बाबांनीच मला शांत केलं. ‘त्याला नको बोलूस. तो बरोबर आहे. मला भीती कसली वाटते सांगू? नट राहिला याची नाही. नट राहतो. पण ती गाडी मी तपासली हे मला आठवतच नाहीये. काहीच नाही. ठिपका माझा, पण आठवत नाही.’

कसं आठवेल?

मग फळीवरची पांढरी डबी काढून माझ्या हातात दिली. ‘आता हे काम तुझं.’

मी घेतली.

७ मार्च, शुक्रवार

डबी दिवसभर खिशात. बसलं की मांडीला टोचते.

९ मार्च, रविवार

बाबा घरीच असतात आता. घरी असायची सवय नाही, त्यामुळे या खोलीतून त्या खोलीत. गॅस बंद केला का म्हणून सकाळपासून कितीदा तरी स्वयंपाकघरात डोकावले. वहिनी पहिल्यांदा हसली, मग वैतागली, मग तिला रडू आलं. ‘ताई, बाबांना झालंय तरी काय? परवापर्यंत ठणठणीत होते.’

चहाचा कप उचलताना हात कापत होता. बशीत सांडला. त्यांनी पटकन बशी आपल्याकडे ओढली, कुणी बघू नये म्हणून. मी बघितलं.

म्हातारपण आलं असतं तर ते देवाने दिलेलं म्हटलं असतं. हे मी दिलंय.

सांगायचं ठरवलं होतं. त्यांच्या शेजारी जाऊन बसलेसुद्धा. ते म्हणाले, ‘तू आहेस म्हणून काळजी नाही बघ.’ मी तशीच उठून आले.

११ मार्च, मंगळवार

पाववाला व्हॅन न्यायला आला. नाकाची पट्टी गेली, डोळ्याखाली अजून निळंजांभळं आहे. नेमके बाबाही आले होते, किल्ल्यांचा जुडगा परत द्यायला. पाववाल्याने त्यांचा हात हातात घेतला. ‘काका, मनाला लावून घेऊ नका. या वयात होतं असं. आमच्या आजोबांनी तर मिठाऐवजी साखर घालून अख्खी भट्टी वाया घालवली होती.’

बाबा हसले. ते हसू बघवेना.

मग माझ्याकडे वळून, ‘ताई, यापुढे माझ्या गाडीला फक्त तुमचाच हात लागला पाहिजे हं!’

फक्त माझाच लागला होता रे. म्हणूनच तर.

त्याच्या व्हॅनचा एकेक नट मी आज दहा वेळा आवळून बघितला. पिवळा दिला. वाळेपर्यंत थांबले. पांढरा देताना हात पुढे जाईना; शेवटी दिलाच.

१२ मार्च, बुधवार

बाबांनी स्वतःच डॉक्टरांची वेळ घेतली. विसरायला होतं म्हणून! दादा घेऊन गेला. बाबांना गाडीत मी बसवलं, पट्टा लावून दिला, दार लावून दिलं. दार लावताना त्यांनी काचेतून माझ्याकडे बघितलं, शाळेच्या पहिल्या दिवशी मूल बघतं तसं.

डॉक्टरांनी पुष्कळ प्रश्न विचारले. उलटे आकडे म्हणायला लावले, वस्तू दाखवून झाकल्या. सगळं बरोबर आलं. डॉक्टर म्हणाले, काही नाही, ताण आहे, फिरायला जात जा. दादा खूश. बाबा मात्र घरी आल्यावर म्हणाले, ‘डॉक्टरला काय कळतंय? नट सैल होता ना!’

१५ मार्च, शनिवार

सांगितलं!

दुपारी घरी जेवायला गेले होते. बाबा खिडकीशी बसलेले. उभ्या उभ्याच म्हटलं, ‘बाबा, व्हॅनवरचा पांढरा ठिपका मी दिला होता. तुम्ही ती गाडी तपासलीच नव्हती.’ एका दमात.

बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता बोलतील. बोला, चार शिव्या द्या, मारा! तर त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

‘चिमे, मला बरं वाटावं म्हणून माझं पाप स्वतःच्या अंगावर घेतेस? एवढी मोठी केव्हा झालीस गं?’

मी नाही नाही म्हणत राहिले. ते माझी पाठ थोपटत राहिले. वहिनीला हाक मारून सांगितलं — ‘बघ, ही काय म्हणतेय.’ वहिनीने पदराने डोळे पुसले. संध्याकाळी दादापर्यंत पोचलं. तो म्हणाला, ‘चांगुलपणा पुरे हं. त्यांना पुन्हा रॅम्पखाली पाठवायचं नाही.’

चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं. इथे चोराला हार घालतायत.

१६ मार्च, रविवार

वहिनीने आज माझ्या आवडीचं केलं. ताट तसंच झाकून ठेवलं.

खरं सांगायचं तर काल मी नीट सांगितलंच नाही. नट ड्रॉवरमध्ये ठेवून सांगायला गेले होते. पुरावा कुलपात आणि कबुली तोंडात! विश्वास बसला नाही तर नाही, आपण तर सांगून मोकळ्या — असलं काहीतरी मनात होतंच. त्यांनी पाठ थोपटली तेव्हा आत कुठेतरी हुश्श झालं होतं मला. हे लिहितानाही कान तापलेत.

खोटं बोलले त्या दिवशी लाज वाटली. पण त्या हुश्शची जास्त वाटते.

१८ मार्च, मंगळवार

दादा दुपारी बाहेर गेला होता. बाबांना बोलावून घेतलं. वर्कशॉपमध्ये यायलाही ते बिचकत होते, दाराशीच थांबले. त्यांच्या तळहातावर नट ठेवला.

‘हा व्हॅनचा. नीट बघा. उजेडात बघा.’

ते खिडकीशी गेले. चष्मा पुसला. नट बोटांत फिरवत राहिले. मी बाकीचं काही बोलले नाही. नटांविषयी त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

दुधाळ ठिपक्यावर त्यांनी नखाने खरवडलं. पुन्हा खरवडलं. पांढऱ्याखाली पिवळा वेगळा निघेना. मग रॅम्पवरच्या गाडीखाली जाऊन तिथला एक नट बघून आले. तो जुना, त्यांच्या हातचा: खाली पिवळा, वर स्वच्छ पांढरा.

‘ओल्यावर ओला,’ ते म्हणाले. ‘पिवळा वाळल्याशिवाय मी कधी हात लावतो?’

‘नाही.’

‘दोन्ही तुझे?’

‘दोन्ही.’

‘मी कुठे होतो?’

‘चष्म्याच्या दुकानात.’

ते स्टुलावर बसले. मग स्वतःशीच म्हणाले, ‘म्हणजे आठवत नव्हतं, कारण आठवायला काही नव्हतंच.’ आणि हसले. मोकळे, पहिल्यासारखे! मीही रडता रडता हसणार होते. तेवढ्यात ते थांबले.

‘डॉक्टरकडे जाताना दार तू लावलं होतंस ना माझं?’

मी मान हलवली.

‘पट्टा पण लावून दिलास.’

नट खिशात टाकून ते निघून गेले. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

१९ मार्च, बुधवार

बाबा बोलत नाहीत. दादा बोलतोय, ते ऐकवत नाही. पण सगळं खरंच बोलतोय.

पाववाल्याकडे जाऊन सांगून आले. तो हसला नाही.

२० मार्च, गुरुवार

बाबा आज कामाचे कपडे घालून आले. कुणी बोलावलं नव्हतं. माझ्यासमोर हात पुढे केला. मी पांढरी डबी ठेवली. हात तसाच राहिला. मग पिवळीही ठेवली.

पाना घेऊन गाडीखाली गेले. नट आवळला, पिवळा ठिपका दिला आणि तो वाळेपर्यंत तिथेच बसून राहिले. मग पांढरा दिला. हात जराही कापत नव्हता.