माठ, मान्यता आणि मी

१४ जून १९९३, अंथुर्णे
हेडमास्तर बापूसाहेबांनी बोलावलं. म्हणाले, मास्तर, ए.टी.डी. नसलेल्या चित्रकला शिक्षकाला आता मान्यता मिळायची न्हाय. दोन वर्षांत डिप्लोमा करा, न्हायतर जागा जाईल. हात्तिच्या! चित्रकाराला लायसन? उद्या गवयालाही मागतील. असो. करून टाकतो. पहिला नंबर माझाच.

२ ऑगस्ट
सकाळी शाळा, दुपारी बारामतीचं कॉलेज. शिकवायला राजनंदिनी मॅडम, माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. माझा मोर बघून म्हणाल्या, हा उसाच्या ट्रॉलीवर रंगवलेला वाटतो. आनंद झाला. सणसरपर्यंत निम्म्या ट्रॉल्यांवर माझाच मोर आहे, हे त्यांना कुणी सांगितलं असेल?

१० डिसेंबर
पर्स्पेक्टिव्हच्या तासाला दांडी. लांबची वस्तू लहान दिसते, एवढं शिकायला एस.टी.नं बारामती गाठायची? वृषाली म्हणाली, जावा की वो, नोकरीचा प्रश्न हाय. बायकोला कला कळत नाही. सोमवारपासून रोज जाणार.

सोमवार
उसाच्या गाड्यांनी रस्ता जाम. देवाचीच इच्छा.

१८ फेब्रुवारी १९९५
पुढच्या महिन्यात पाठाची परीक्षा, म्हणजे परीक्षकांपुढं शिकवून दाखवायचं. आमच्याच शाळेत, सातवीवर. वस्तू: माठ. पोरांची तालीम सगळेच घेतात. मी जरा मनापासून घेतली. रोज सकाळी माठ. आता डोळे मिटून काढतात, उजवीकडं सावलीसकट.

६ मार्च
परीक्षक दुपारी उगवले! ऊन फिरलेलं, सावली डावीकडं. पोरांनी शिकवल्याप्रमाणं उजवीकडंच काढली. परीक्षकांनी माठ उचलून आपली छत्री ठेवली, म्हणाले, आता ही काढा. अख्ख्या वर्गानं परत माठ काढला. छत्री कुठाय, असं त्यांनी पुढच्या बाकावरच्या अविराजला विचारलं तर म्हणतो, सर, आमाला माठच येतो. केवढी निष्ठा! परीक्षकांनी वही मिटली, छत्री उचलली. भारावले असणार.

१२ जून
नापास. उन्हाची चूक माझ्या मार्कांत धरली.

१९ जून
बापूसाहेबांनी बोलावलं. वाटलं, मुदत वाढली. म्हणाले, मास्तर, माझं काय चाललं न्हाय, पण एक काम हाय, तुमच्यासारखं अक्षर पंचक्रोशीत न्हाय. शाळेच्या भिंतीवर रंगवायचं होतं: 'चित्रकला शिक्षक पाहिजे. ए.टी.डी. आवश्यक.' दिवसभर खपलो. 'आवश्यक' लाल रंगात, ठळक. रस्त्यावरून दिसतं. वृषाली डबा घेऊन आली. वाचलं, आणि तिथंच बसली डोळ्यांना पदर लावून. असं अक्षर बघून कुणालाही भरून येईल. 'शिक्षक' लिहिताना माझीही एक रेघ वाकडी गेली खरी. ब्रश जुना झालाय.