स्टिकर नसलेलं मशीन

चेन्नई, रविवार

ती. विमलआत्या,

ऊर्मीचा बसल्या जागेवरून नमस्कार (साष्टांग घालण्याएवढी फरशी होस्टेलच्या या खोलीत मोकळी नाही, निम्म्या जागेत माझ्या रूममेटच्या, जननीच्या, चपला आहेत आणि निम्म्या जागेत माझे नकाशे). तुझे गुडघे कसे आहेत? काका अजून सकाळी फिरायला जातात, की फक्त बूट घालून पेपर वाचतात? इकडे माझी तब्येत छान, आईची छान, बाबांची त्यांच्या स्वतःच्या मते छान. फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण तुला फोनवर काही सांगितलं की पुढच्या मिनिटाला तू बाबांना फोन लावून तेच विचारतेस. पत्र वाचता वाचता तुझा राग थोडा निवतो, हा अनुभव आहे. शिवाय तुझं मिरजेचं भडंग संपलंय. सध्या तरी पत्राचं कारण तेवढंच धर.

मी पीएच.डी. कशात करते ते तुला दर दिवाळीला सांगते आणि तू दर दिवाळीला 'म्हणजे डॉक्टर ना?' असं विचारतेस. नाही गं. आडबाजूच्या वस्त्यांमधली माणसं दुखणं आलं की कुठे जातात, किती चालतात आणि जात नसली तर का जात नाहीत, हे मी नकाशावर मांडते. दवाखाना लांब असला की माणूस दुखणं अंगावर काढतो, असं माझं म्हणणं. (हे तर मीही सांगितलं असतं, असं तू म्हणणार. खरंय, पण तू तळटीपा दिल्या नसत्यास.)

तर या वेळी तमिळनाडूतल्याच जव्वादूच्या डोंगरातली एक वस्ती निवडली. बसचा रस्ता खालीच संपतो, पुढे चढण. मुलगी एकटी कशी राहणार म्हणून बाबा बरोबर आले. तुला माहीतच आहे, सगळी नोकरी त्यांनी चेन्नईजवळ आमच्या आवडी गावातल्या कारखान्यात माल तपासण्यात काढली. किती पार्ट पास केले ते त्यांना आठवत नाही, पण नापास केलेला एकेक पार्ट तोंडपाठ आहे. निवृत्त झाल्यापासून नापास करायला हाताशी काही उरलं नव्हतं. आईच्या पोळ्या होत्या, तर तिने सरळ लाटणं त्यांच्या हातात दिलं. तेव्हापासून पोळ्या बिनतक्रार पास होतात.

सोबत त्यांचा तो बिस्किटांचा जुना डबा होता. सुंठ, हिंगाष्टक, ओव्याचा अर्क, दोन तऱ्हेचे बाम. आम्ही कृष्णवेणी पाटींकडे उतरलो (पाटी म्हणजे आजी, ही आजी डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन माझ्यापुढे चढण चढते आणि वर जाऊन मला हसते). पहिल्याच संध्याकाळी तिने पोट जड झाल्याचं सांगितलं, बाबांनी हिंगाष्टक दिलं आणि सकाळी तिला बरं वाटलं. संपलं. मी तोंड धुऊन येईपर्यंत ओट्यावर रांग लागली होती. बाबा मधोमध चष्मा पुसत बसलेले आणि कारखान्यात शिकलेल्या तमिळमध्ये एकेकाला जीभ दाखवायला सांगत होते. ती तमिळ हुकूम सोडायलाच शिकलेली असल्याने माणसं ताबडतोब जीभ दाखवत होती.

आता माझ्या कामाचं काय झालं ते ऐक. मी घरोघर फिरून विचारायचे, दुखणं आलं की कुठे जाता? उत्तर एकच, आवडी तात्तांकडे (तात्ता म्हणजे आजोबा). लांब पडतं का? छे, समोरचाच ओटा. मी ज्या वस्तीत दवाखान्याचं अंतर मोजायला गेले, तिथे माझ्याच वडिलांनी दवाखाना उघडून ते शून्यावर आणलं होतं.

मग कनका आली. ती त्या भागातली सरकारी नर्स, ठरल्या फेरीला बीपीचं मशीन घेऊन चढून येते. तिच्यापुढे कोणी हात धरेना, सगळे ओट्यावर. तिने डोकं चालवलं आणि म्हणाली, आधी तात्तांचं बघू, मग तुम्ही या. बाबांनी ऐटीत बाही वर केली. तिने आकडा पाहिला, दुसऱ्या हाताला पट्टा बांधला, पुन्हा पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं. आत्या, तो आकडा मी तुला लिहीत नाही, कारण तू चष्मा काढून डोळे पुसायला लागशील आणि पुढचं वाचायचं राहील. बाबांनी मशीन उलटं केलं, खालून बघितलं आणि विचारलं, याचा कॅलिब्रेशनचा, म्हणजे माप बरोबर असल्याचा, स्टिकर कुठे आहे? स्टिकर निघून गेला होता. बाबांनी तिथल्या तिथे मशीन नापास केलं. ते बघून रांगेतल्या सगळ्यांनीही केलं. ज्यांनी जन्मात स्टिकर पाहिला नव्हता ते लोक कनकाकडे स्टिकर मागायला लागले. ती माझ्याशी जे बोलली ते प्रबंधात घालता येणार नाही.

पण त्या वस्तीची एक रीत आहे. आजारी माणसाला 'जायचं का?' असं तिथे विचारत नाहीत. नर्सने खाली न्या म्हटलं की दोन घरची माणसं त्याच्याबरोबर निघतात आणि तिसऱ्या घरचं कोणी त्याच्या गुरांकडे बघतं. बाबांना गुरं नाहीत, म्हणून त्यांचा डबा सांभाळायला घेतला. ते स्टिकरबद्दल समजावत राहिले. कृष्णवेणी पाटीने सगळं ऐकून घेतलं, मग त्यांचं मनगट धरलं आणि म्हणाली, "बोलत बोलत चल." आणि ते चालायला लागले. मी उभी राहून बघतच राहिले.

खालच्या आरोग्य केंद्रात दुसरं मशीन, स्टिकरसकट. आकडा तोच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चेन्नईला पोचलात की लगेच हृदयाची तपासणी करा, उद्यावर टाकू नका. बाबा बसमध्ये मला म्हणाले, "दोन्ही मशीनं एकाच कंपनीची. अख्खा लॉट खराब आहे."

त्याला तीन आठवडे झाले. आवडीतल्या आमच्या घरासमोर, रस्ता ओलांडला की हॉस्पिटल आहे. बाल्कनीतल्या तुळशीला पाणी घालताना बाबांना त्याची पाटी समोरच दिसते. ते गेलेले नाहीत. जिना चढताना मध्येच थांबतात आणि पायऱ्यांची उंची सारखी नाही, बांधकामात दोष आहे, असं सांगतात. आई बोलून दमली, मी भांडून दमले. आत्या, मला फार भीती वाटते.

परवा हे प्रकरण माझ्या पीएच.डी.च्या गाइड त्रिपुरसुंदरी मॅडमना सांगितलं. त्या पोट धरून हसल्या. मग विचारलं, वडिलांची तपासणी झाली? म्हटलं, नाही. हॉस्पिटल किती लांब? म्हटलं, रस्त्यापलीकडे. त्यांनी पेन्सिल घेतली आणि 'दवाखान्याचे अंतर' या माझ्या प्रबंधातल्या प्रकरणाच्या मथळ्यापुढे एक प्रश्नचिन्ह काढलं. ते बरोबर आहे, म्हणूनच मला राग आला.

असो. काकांना नमस्कार. भडंगात लसूण जास्त घाल.

तुझी,
ऊर्मी

ता. क. मी घरी एक नवं मशीन आणून त्यावर स्वतः स्टिकर करून चिकटवला होता, तारीख आणि सहीसकट. बाबांनी अक्षर ओळखलं. सही बनावट म्हणून मशीन जप्त झालंय.

ता. क. २. भडंग पाठवू नकोस, घेऊन ये. लहानपणी लस टोचायला तू बाबांना शाळेतून मनगट धरून नेलं होतंस, हे ते अजून सांगतात आणि सांगताना मनगट चोळतात. दुसऱ्या कोणाचं ते ऐकणार नाहीत. मी नकाशे काढणारी बाई आहे, म्हणून खात्रीने सांगते, आमच्या घरापासून समोरच्या हॉस्पिटलात जायचा सगळ्यात जवळचा रस्ता मिरजेवरून जातो.

ता. क. ३. स्टेशनवर तुला घ्यायला बाबाच येतील, कोणाचं ऐकणार नाहीत. त्यांना बॅग उचलू देऊ नकोस.