आईच्या चेहऱ्यावरचे कोळी

घाटंजी
३ सप्टेंबर २००६

ती. सौ. आईस,
अपेक्षाचा शि. सा. न. वि. वि.

सातवा सरत आला. सासूबाई रोज विचारतात, तुझे बाबा न्यायला कधी येणार. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय त्यांना सांगायला हवं? त्यांनी तर माझी पिशवीही भरून ठेवली आहे. मला तुझ्या हातचे डिंकाचे लाडू हवेत आणि तुझी बडबड हवी. बडबड जरा जास्त.

एक विचारू? डोहाळजेवणाला बाबा एकटेच आले. परवा तुमच्या शेजारी फोन केला, तर तू आलीच नाहीस. बाबा म्हणाले की शेतात गेली. भर पावसात, भर दुपारी? उत्तर लवकर दे, मन थाऱ्यावर नाही.

माया आहेच, ती टपालाने थोडी इकडे धाड.
तुझी, अपेक्षा

मुकुटबन
११ सप्टेंबर

चि. सौ. अपेक्षास,
तुला आणि पोटातल्या पाहुण्याला उदंड आशीर्वाद.

पत्र वाचून काळीज सुपाएवढं झालं. पण बेटा, या खेपेला तू तिथेच राहावंस असं वाटतं. छप्पर गळतं आहे. गावात तापाची साथ आहे. कापसाची वेचणी तोंडावर आली आणि बाया मिळत नाहीत. शिवाय इथल्या दवाखान्यात डॉक्टर टिकत नाही. विहीणबाई माझ्याहून चांगलं करतील. लाडू बाबांबरोबर पाठवते. बारशालाही मला जमेलच असं नाही, मनाला लावून घेऊ नकोस.

लांबून का होईना, जीव तुझ्यापाशीच आहे.
तुझी आई, तानाबाई

घाटंजी
१९ सप्टेंबर

ती. सौ. आईस, शि. सा. न.

एका पत्रात चार कारणं! याच गळक्या छपराखाली गेल्या वर्षी तू आपल्या शेजारच्या पूनमसिंगकाकांच्या सुनेचं बाळंतपण केलंस. तिचं तर ते माहेरही नव्हतं. मग पोटच्या पोरीनेच काय घोडं मारलं? बारशालाही येणार नाहीस म्हणतेस, हे लिहिताना तुझा हात कसा धजला?

सासूबाई गप्प आहेत, पण शेजारच्या सुखीबाई गप्प बसतात थोड्याच! काल त्यांनी तोंडावरच विचारलं की माहेरच्यांनी काहून टाकलं हिले. मी दिवसभर घरात येरझारा घालते. बसले की उठावंसं वाटतं, उठले की बसावंसं वाटतं. माझं काही चुकलं असेल तर सांग. लाडू पाठवू नकोस, मी खाणार नाही.

रुसलेली, तरी तुझीच,
अपेक्षा

मुकुटबन
२६ सप्टेंबर

चि. सौ. अपेक्षास, अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या आईला न सांगता लिहितो आहे. उन्हाळ्यापासून तिच्या चेहऱ्यावर लाली, पुटकुळ्या आणि आग. गावातल्या नंदाबाईंनी गोरं होण्याची कसलीशी ट्यूब दिली. पंधरा दिवस बरं वाटलं, सोडली की दुप्पट. गावात महारोगाची कुजबुज सुरू झाली. शेवटी वणीला चामडीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गालावरचं खरवडून काचेवर घेतलं आणि यंत्रातून आम्हालाही दाखवलं. आठ पायांचे जीव, आपल्या कपाशीच्या पऱ्हाटीवरच्या लाल कोळ्याच्याच जातीचे. केसांच्या मुळाशी राहतात. ट्यूबने ते माजले. डॉक्टरांनी मलम दिलं आणि वेळ लागेल, धीर धरा म्हणाले.

मी पडलो कास्तकार. कोळी म्हटल्यावर मला एकच उपाय ठाऊक. मलमाने लवकर फरक दिसेना, तेव्हा फवारणीचं औषध पाण्यात थोडंसं टाकून मीच तिच्या तोंडाला फडक्याने लावलं. चेहरा भाजल्यासारखा झाला, डोळे सुजून मिटले, चार दिवस दवाखान्यात गेले. डॉक्टर मला जे बोलले ते कमीच होतं. माझी अक्कल शेण खायला गेली होती, दुसरं काय? आता डोळे ठीक आहेत, दिसतं. डॉक्टरांना पुन्हा काही विचारायला मात्र मला तोंड राहिलं नाही.

तुझ्या आईने मनाशी धरलं आहे की तिचे किडे नातवंडाला लागतील. ताट वेगळं केलं, आरसा पालथा घातला. पहिल्या वेचणीची सीतादहीची पूजासुद्धा शेजारच्या बसंतीबाईंकडून करवून घेतली, स्वतः शेतात गेली नाही. ती म्हणते की मले माहाच भरोसा नाही, लेकरू हातात आलं का मी गालाले गाल लावीनच. तुला येऊ नको म्हटलं म्हणून रोज रडते आहे. काय करावं, तूच सांग.

चुकलेल्या बापावर लोभ राहू दे.
रामराव

घाटंजी
४ ऑक्टोबर

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांनी सगळं कळवलं. त्यांच्यावर चिडू नकोस. मी त्यांना दोन पानं भरून बोलले आहे, तेवढं दोघींचं मिळून पुरे. तुझ्यावरही चिडले, मग खूप रडले. एवढं सोसलंस आणि मला छपराच्या गोष्टी सांगितल्यास.

काल तपासणीला यवतमाळला गेलो, तिथून यांना ओढत चामडीच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या की हे जीव जवळजवळ सगळ्याच मोठ्या माणसांच्या चेहऱ्यावर असतात, मुकाट राहतात. आईंना त्रास झाला तो ट्यूबमुळे ते फार वाढले म्हणून. मलम नेमाने लावा, चेहरा निवेल. ट्यूब नको, आणि फवारणीच्या औषधाचा तर वासही नको. बाळाला भिण्यासारखं काही नाही.

माझा विश्वास बसेना. मी माझाच गाल पुढे केला. काचेवर दोन निघाले. यांचे पाच निघाले, हे सासूबाईंना कळवू नकोस. मी विचारलं की माझ्याकडे हे आले कुठून. बाई म्हणाल्या, जन्मताना कुणाकडेच नसतात. लेकराला कुशीत घेताना येतात, बहुधा आईकडूनच.

म्हणजे तुला ज्याची भीती वाटते, ते बावीस वर्षांपूर्वीच होऊन गेलं आहे आणि मी धडधाकट आहे. माझ्या लेकराकडेही ते कुणाकडून तरी येणारच. मग परक्यांकडून कशाला, आई? आजीकडूनच येऊ देत.

सोमवारी दुपारच्या गाडीने येते. न्यायला कोणी आलं नाही तरी येते. हे सोडायला येतील.

तुझ्या मायेची आणि तुझ्याच दोन कोळ्यांची धनीण,
अपेक्षा