एका दाराला दोन कुलपं

प्रिय वन्सं,

कॅरम बोर्ड दोन, पावडरीसकट सतराशे. बॅडमिंटनची फुलं एक डबा, चारशे वीस. सतरंज्या चार, जुन्या पण धुतलेल्या, फुकट. टेबल टेनिसचं टेबल संस्थेनं दिलं, टेम्पोभाडं मात्र आपल्या अंगावर पडलं, सहाशे. टेम्पोवाल्यानं आठशे सांगितले होते. आणि पितळी कुलपं दोन, पाचशे चाळीस. दोन घेतली म्हणून दुकानदारानं साठ सोडले, तर मी घरी येऊन देवाला हात जोडले. त्या कुलपांनी पुढं काय वाढून ठेवलंय ते देवाला माहीत असणार, मला कुठं होतं! आणि हो, 'तीर्थरूप' लिहिलं नाही म्हणून रागावू नका. तीर्थरूप म्हटलं की म्हातारं झाल्यासारखं वाटतं, असं तुम्हीच मागं म्हणाला होतात.

कोपऱ्यावरचा बंद पडलेला छापखाना तुम्हाला आठवत असेल. त्या हॉलचं आता खेळाचं केंद्र झालंय. अर्धा खर्च एक सेवाभावी संस्था देते. उरलेला अर्धा रस्त्याच्या अलीकडची आपली जुनी घरं आणि पलीकडच्या नव्या इमारती, अशा दोन्ही बाजू मिळून घरटी वर्गणी काढून भरतात. आणि खजिनदार कोण, तर मी! कंपाउंडर भर सभेत म्हणाले, "वहिनी भाजीवाल्याला सुटे पैसे सोडत नाहीत, त्या आपल्याला काय सोडणार?" तुम्ही मला तोंडावर कवडीचुंबक म्हणायचात ना, त्या गुणावर आयुष्यात पहिल्यांदा खुर्ची मिळाली बघा. संस्थेच्या बाईंनी शिक्षण विचारलं. मी म्हटलं, मॅट्रिक. त्या म्हणाल्या, बेरीज येते ना? मी म्हटलं, बेरीज येते, पण वजाबाकीवर जास्त भरवसा आहे. तेव्हापासून आमचं जमलं.

सकाळी म्हातारी माणसं येतात, संध्याकाळी मुलं, आणि दुपारी आम्ही बायका. वन्सं, मी कॅरम खेळते. हसू नका. पलीकडच्या बायका आधी आमच्याशी बोलायच्या नाहीत. आम्हीही कुठं बोलत होतो म्हणा. पण राणी भोकाच्या तोंडाशी येऊन अडली की अलीकड-पलीकड कुणाच्या लक्षात राहतं? एकीनं परवा चक्क माझ्या हातावर चापटी मारली, "ओ खजिनदार, स्ट्रायकर तरी सोडा हातातून!" तुमचे भाऊ म्हणतात, हल्ली ही देवाचं नाव घेतानासुद्धा बोट टिचकी मारल्यासारखं धरते. त्यांना काय, उचलली जीभ लावली टाळ्याला.

बायकांचं जमलं, पुरुषांचं अडलं. किल्ली कुणाकडे राहणार यावरून. आपल्या बाजूला कंपाउंडर पुढारी, त्यांच्या बाजूला टेलरमास्तर. "आम्ही काय हॉल खाऊन टाकणार आहोत?" असं टेलरमास्तर म्हणाले, तर कंपाउंडर म्हणाले, "खाणार नाही हो, पण चाखाल!" शेवटी तोड काय निघाली? दाराच्या वरच्या कडीला एक कुलूप, खालच्या कडीला दुसरं. वरची किल्ली आपल्याकडे, खालची त्यांच्याकडे. म्हणजे दोघं हजर असल्याशिवाय दार उघडायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, साठ वाचल्याचा आनंद होता ना.

मग व्हायचं तेच झालं. एक आला तर दुसरा नाही. म्हातारी माणसं पायरीवर बसून परत जायला लागली. आणि त्यात मुलींचा सामना आला. दुसऱ्या एका केंद्राच्या मुली टेबल टेनिस खेळायला आपल्याकडे येणार होत्या. आपल्या मुलींनी त्यासाठी किती सराव केला होता काय सांगू! पाहुण्या वेळेवर आल्या. टेलरमास्तरांनी खालचं कुलूप काढलं. वरची किल्ली कंपाउंडरांच्या सदऱ्याच्या खिशात, आणि तो सदरा त्यांच्या अंगावर, आणि ते मेहुण्याकडे परगावी! तुमचे भाऊ हातोडी घेऊन निघाले, तर पलीकडचे म्हणाले, आमच्यादेखत तोडायचं नाही, उद्या नाव आमच्यावर येईल. पाहुण्या मुली पायरीवर बसून राहिल्या आणि शेवटी गाडीची वेळ झाली म्हणून उठल्या. सामना त्यांना बहाल. आपली एक मुलगी मला म्हणाली, "काकू, निदान खेळून हरलो असतो." मला खाली बघावं लागलं, वन्सं. आणि हे सगळं संस्थेच्या बाईंच्या डोळ्यांसमोर. त्या सामना बघायला आल्या होत्या. त्या चिडल्या असत्या तर परवडलं असतं. शांतपणे म्हणाल्या, "पैसे कमी पडले म्हणून बंद झालेली केंद्रं मी खूप पाहिली. कुलूप जास्त झालं म्हणून बंद पडलेलं हे पहिलंच."

त्यांनी सांगून टाकलंय. एक कुलूप, एक किल्ली आणि ती सांभाळणारं दोन्ही बाजूंना मान्य असं एक माणूस. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपर्यंत नाव कळवा, नाहीतर येत्या वर्षापासून संस्थेचा अर्धा वाटा बंद. तो बंद झाला की आपल्या वर्गणीत भाडंसुद्धा भागत नाही. हॉलच्या मालकाकडे फरशीवाला गोदामासाठी टपूनच बसलाय.

सभा झाली, संस्थेच्या बाईही आल्या होत्या. जे नाव निघेल त्याला दुसरी बाजू फाटे फोडी. मी मनातल्या मनात देवाचा धावा करत होते, की बाबा, एखादं नाव सुचव. आता देव कुणाच्या तोंडून बोलेल सांगता येत नाही, पण टेलरमास्तरांच्या तोंडून, तेही तोंडात टाचण्या असताना बोलेल, असं वाटलं नव्हतं. ते सभेतसुद्धा कुणाची तरी पँट उलटी करून दुमडत बसतात. टाचण्या काढून म्हणाले, "खेळाच्या बाई इथं असत्या तर हा प्रश्नच आला नसता." मग कंपाउंडर, जे टेलरमास्तरांनी दिवस म्हटलं तर रात्र म्हणतील, ते हळूच म्हणाले, "मला त्यांनी सगळ्या शाळेदेखत मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या." टेलरमास्तर म्हणाले, "तुम्हाला एकट्याला? मी मागंच पळत होतो की!" आणि वन्सं, ते दोघं टकले एकमेकांच्या मांडीवर थापा मारून असे हसले, की संस्थेच्या बाईंनी विचारलं, या बाई आहेत कोण? मी म्हटलं, माझ्या नणंद.

सगळे म्हणाले, आत्ताच्या आत्ता फोन लावा. मी म्हटलं, नाही, मी पत्र लिहिते. का, ते त्यांना सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. तुमचा मुलगा सोन्यासारखा आहे, सूनही गुणाची. त्यांच्याबद्दल मला एक शब्द काढायचा नाही. पण मागच्या पत्रात तुम्ही लिहिलंत, की बाल्कनीतून खाली मुलं खेळताना दिसतात, चुकीची धावतात, हात कसेही टाकतात, पण इतक्या उंचावरून ओरडून ऐकू कुणाला जाणार. ते वाक्य वाचून मी पोळ्या टाकायची थांबले. तुम्ही मुलाकडे राहायला गेलात तेव्हा पहिले काही दिवस मला मोकळं वाटलं, खोटं कशाला बोलू? डबे माझ्या मनासारखे लावले. पुढं हिशोब जमायचा आणि मी उगाच बसून राहायची. 'पुन्हा बेरीज कर' म्हणणारं घरात कुणी उरलं नव्हतं. म्हणून तुम्ही परत या आणि ही किल्ली सांभाळा, हे हॉलसाठी मागतेय तितकंच माझ्यासाठीही मागतेय. तुमची खोली मी रिकामी केलीय. तुमच्या भावाची वर्तमानपत्रं रद्दीत गेली, त्याचे पैसेही आले. संस्था थोडं मानधन देणार आहे, ते नको म्हणायचं नाही, मी जमाखर्चात धरलंय. नाही म्हणालात तर राग नाही; मुलानातवांना सोडून येणं सोपं नसतं, ते मला कळतं. मात्र पहिल्या तारखेच्या आत उलट टपाली कळवा, होकार असो की नकार. फोन करू नका. फोनवर तुम्ही नेहमी मजेत असता.

तुमचीच,
भावजय