फाबियानी की आपलं

बाबा, आज सकाळपासून तीनदा चहा केला आणि तिन्ही वेळा गार झालेला ओतून दिला. आठवा महिना आहे, बसवत नाही आणि उभंही राहवत नाही. मुलगी आहे, इथे आधी सांगतात. दुपारी डेल्फ्टच्या खेमेंटेत, म्हणजे नगरपालिकेत, आम्हा दोघांना जायचं होतं. बाळाला आईचं आडनाव द्यायचं तर दोघांनी जाऊन तसं सांगावं लागतं, नाहीतर वडिलांचं लागतं.

तुमचा जावई डच, पण आडनाव फाबियानी. त्याचे आजोबा इटलीहून इथे फरशीकामाला आले. रोममधल्या फाबियुस नावाच्या जुन्या घराण्यावरून ते आलं म्हणतात; कुणी म्हणतं, मुळात ते शेंगेतल्या दाण्यावरून पडलेलं नाव. त्या घराण्यातल्या मुलींना घराण्याचंच नाव असे, चार बहिणी असल्या तरी चौघींना तेच. सोडून दिलेला गुलामसुद्धा मालकाच्या घराण्याचं नाव लावायचा. "आम्ही बहुतेक त्या गुलामांपैकीच," नवरा हसत म्हणाला. "आपण तुझं देऊया."

गुलामालाही घराण्याचं नाव मिळायचं हे ऐकून मी चिडले. त्याच्यावर नाही, तुमच्यावर. आठवतं, मी अकरा वर्षांची होते. नव्या ब्लॉकच्या दारात तुम्ही स्टुलावर उभे, हातात पितळी पाटी. तुमचं नाव, आईचं, दादाचं. मी विचारलं, माझं कुठाय? स्क्रू पिळता पिळता तुम्ही म्हणालात, "तुझं आडनाव पुढे बदलायचंच आहे. उगाच पाटी कशाला भरायची?" स्वयंपाकघरात आई कणीक मळत राहिली. संध्याकाळी तुम्ही मला शाईचं पेन आणून दिलंत. पेन मी झिजेपर्यंत वापरलं, पण पाटीकडे पुन्हा बघितलं नाही. लग्नात मी आडनाव बदललं नाही, तेव्हा तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली होती.

आज खेमेंटेत खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "नक्की ना? पुढच्या मुलांनाही हेच लागेल." मी हो म्हणाले आणि सही केली. दादाला मूल नाही, म्हणजे आपलं आडनाव आता ही पोटातली मुलगीच चालवणार. तुमच्या वंशासाठी मी हे केलेलं नाही, ते माझं आहे म्हणून दिलं, एवढं ठणकावून सांगायला लिहायला बसले. पत्र वहीतच राहील, पाठवणार कुठे? पण घरी येताना सारखं मनात येत होतं, तुम्हाला बरं वाटलं असतं का? तुमची शाबासकी मला अजून हवी आहे, आणि त्याचाच राग येतो.